सायलेंटवर आहे हो माझा!

कळवेकर :

गेल्या शनिवारी रात्री साडेआठच्या प्रयोगाला गेलो होतो. तिसरी घंटा झाली, 'मोबाईल बंद किंवा सायलेंटवर ठेवावेत' ही घोषणा झाली. मी इमानेइतबारे फोन काढून सायलेंट केला. वर शेजारच्या गृहस्थांकडे 'आणि तुमचा?' अशा नजरेने बघूनही घेतलं.

दुसऱ्या अंकात बाप-लेकीचा प्रसंग. ती बोलत नाहीये, तो बोलत नाहीये, प्रेक्षागृहात कुणी खोकतसुद्धा नाहीये. बरोबर दहाला माझ्या खिशात कोंबडा आरवला.

कोलेस्टेरॉलच्या गोळीचा गजर. भाच्याने हौसेने कोंबडा लावून दिलाय. फोन सायलेंट असला तरी गजर वाजतो, हे ज्ञान मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, सातव्या रांगेत, आठशे लोकांसमोर झालं. घाईघाईत बोट लागलं ते स्नूझला. म्हणजे दहा मिनिटांनी कोंबडा पुन्हा आरवला. या वेळी शेवटच्या रांगेतून कुणीतरी "कापा त्याला!" म्हणालं आणि सगळं थिएटर हसलं. स्टेजवरची मुलगी क्षणभर थांबली आणि पुढचं वाक्य म्हणाली. मध्ये बायकोने माझा हात धरून ठेवला होता, प्रेमाने नव्हे.

खरी बोच वेगळीच आहे. त्याच दिवशी सकाळी लोकलमध्ये मी एकाला झापलं होतं. समोरच्या बाकावर एक गृहस्थ फोनवर रील बघत होते, आवाज पूर्ण. दर रीलमागे तेच ते हसणं, खोऽखोऽखो, कळव्यापासून भांडुपपर्यंत. शेवटी मी म्हणालो, "अहो, सार्वजनिक ठिकाण आहे, काही मॅनर्स आहेत की नाही?" उत्तर आलं, "एवढा त्रास होतोय तर फर्स्ट क्लासने जा ना." डब्यातले चार जण हसले, दोघांनी मान खाली घातली. माझ्या बाजूने कुणीच बोललं नाही.

तर प्रश्न असा: तुम्ही काय म्हणता? 'समाज कुठे चाललाय' वगैरे नको, ते मी रोज स्वतःशी म्हणतो. नेमकं वाक्य सांगा, जे बोलल्यावर आवाज खरोखर कमी झाला.

---

चौथी_सीट :

प्रथमतः कोंबड्यास अभिवादन.

तुमचं वाक्य मुळातच हरणारं होतं. 'मॅनर्स' म्हटलं की समोरच्याचा आवाज बाजूला राहतो आणि त्याचे आईवडील मध्ये येतात. मी तीन इंच सीटवर अर्धं बूड टेकवून बावीस वर्षं प्रवास केलाय, त्यातून शिकलोय की कारण आपल्याकडे घ्यायचं. "दादा, नाईट करून आलोय, डोकं दुखतंय, जरा बारीक कराल?" दहात सात वेळा होतं. नाईट केलेली असलीच पाहिजे असं नाही.

---

खवचट_पेठ :

आमच्याकडची पद्धत: "काका, जरा मोठा करता का? मागच्या बाकापर्यंत नीट पोचत नाहीये."

आवाज कमी होतो. संबंधही संपतात. पण आपल्याला कुठे त्यांच्या घरी सोयरीक करायचीये?

---

कळवेकर :

@खवचट_पेठ, हे कळव्याच्या लोकलमध्ये बोललो तर मुंब्र्यालाच उतरावं लागेल. तेही उलट्या दिशेला.

---

विंगेतून :

एकोणीस वर्षं बॅकस्टेज करतोय, दौऱ्यावर आणि मुंबईतही. कळवेकर, मनाला लावून घेऊ नका. नऊ ते साडेदहा हा आमच्याकडे गोळ्यांचा तास. मराठी नाटकाचा प्रेक्षक कोण, तर पन्नाशीच्या पुढचा. बीपीची नऊला, कोलेस्टेरॉलची दहाला. साडेआठच्या प्रयोगात हे सगळे गजर ऐन नाटकात येऊन पडतात, आणि लेखकानेही नेमकी शांतता तिथेच लिहिलेली असते. आमचा एक लाईटवाला तर म्हणायचा की घड्याळाची गरजच नाही, 'डायबेटिस वाजला, आता ब्लॅकआउट'.

घोषणेत आम्ही 'सायलेंट करा' म्हणतो, तिथेच घोळ होतो. विमान मोडवर टाकला तरी गजर वाजतो. पूर्ण बंद केला तर बहुतेक फोन गप्प बसतात, पण काही फोन असे आहेत की बंद असले तरी गजरापुरते स्वतःहून उठतात. म्हणून मी आता निर्मात्याच्या मागे लागून घोषणेत एक ओळ वाढवून घेतलीय: 'गोळ्यांचे गजर आत्ताच काढून टाका'. लोक हसतात आणि हसता हसता खिशात हात घालतात. फरक पडलाय.

वाजण्याइतकाच त्रास उजेडाचा होतो, त्याबद्दल कुणी बोलत नाही. ब्लॅकआउट झाला की नट अंधारात, जमिनीवर चिकटवलेल्या रेडियमच्या पट्ट्यांच्या अंदाजाने बाहेर पडतात. त्याच वेळी आम्ही टेबल-खुर्ची हलवत असतो. समोरून तिसऱ्या रांगेत कुणी मेसेज बघायला फोन उघडला की डोळ्यांना बसलेला अंधार मोडतो आणि पट्टी दिसेनाशी होते. एका दौऱ्यात आमच्या एका ज्येष्ठ नटाचा गुडघा असाच टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला. पुढचा सगळा अंक ते बसून बोलले. प्रेक्षकांना वाटलं दिग्दर्शकाची कल्पना आहे. स्टेजवरून बघाल तर सगळा काळोख आणि मध्येच एक निळा चेहरा, हनुवटीखालून उजळलेला. त्या माणसाला वाटतं, मी तर आवाज केला नाही.

२०१९ आठवतंय ना? सुमीत राघवन यांनी नाशिकला फोन वाजत राहिले म्हणून प्रयोग मध्येच थांबवला होता. सुबोध भावे यांनी तर, असंच चालणार असेल तर नाटकात काम करणंच थांबवावं, अशा अर्थाचं लिहिलं होतं. तेव्हा सगळीकडे जॅमर बसवा, जॅमर बसवा सुरू झालं. जॅमर कुणालाही आणून लावता येत नाही, त्याला केंद्र सरकारची परवानगी लागते. आणि लावला असता तरी कळवेकरांचा कोंबडा आरवलाच असता. त्याला कुठे नेटवर्क लागतं?

---

खवचट_पेठ :

@विंगेतून, शेवटच्या वाक्याला दाद.

---

डबा_क्रमांक_दोन :

विरार लेडीज. दुसरी बाजू मांडते, मग हवं तर मलाही झापा.

आमच्या डब्यात संध्याकाळच्या गाडीला एक बाई रोज बोरिवली सुटली की मुलाला फोन लावते. स्पीकरवर, कारण एका हातात भाजी निवडत असते. "पान बेचाळीस काढ. लिही. नेसेसरी. एन, ई, सी. एकच सी रे! दोन एस." महिनाभरात अख्ख्या डब्याला नेसेसरीचं स्पेलिंग पाठ झालंय. एकदा तिची रेंज गेली तर खिडकीतली मावशी आपणहून म्हणाली, "ई, डबल एस, ए, आर, वाय." (मावशी वसईला मासे विकतात.)

ही बाई घरी पोचते तेव्हा आठ वाजलेले असतात. मग स्वयंपाक, मग पाणी भरायचं. मुलाचा अभ्यास घ्यायला तिच्याकडे बोरिवली ते नालासोपारा एवढीच जागा आहे. तिला कुणी 'पब्लिक प्लेस' शिकवायला जाणार असेल तर मी मध्ये उभी राहीन.

रीलवाल्यांची मात्र कीव नाही.

---

चौथी_सीट :

@डबा_क्रमांक_दोन, हे पटलं. पण रीलवालाही बारा तास वॉचमनकी करून निघालेला असतो बरेचदा. त्याचंही तेवढंच असतं दिवसातलं. फरक कुठे करायचा?

---

डबा_क्रमांक_दोन :

त्याचं काम इअरफोनने भागतं. हिचं नाही भागत, हिचे हात भाजीत आहेत. इतका साधा फरक.

---

बारीक_आवाज :

टेलिफोन खात्यातून निवृत्त. थोडं तांत्रिक.

लोक फोनवर ओरडतात ते सगळेच उर्मट असतात असं नाही. जुन्या काळ्या फोनमध्ये आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात परत येईल अशी सोय मुद्दाम ठेवलेली असे. त्याला आम्ही साइडटोन म्हणत असू. आपण किती मोठ्याने बोलतोय हे त्यामुळे आपोआप कळायचं. मोबाईलवर, त्यातून गाडीच्या खडखडाटात, ते जाणवतच नाही. आणि गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच दाखवून दिलं होतं. तुम्ही "हळू बोला" म्हणता तेव्हा त्याला मनापासून वाटतं की मी हळूच बोलतोय.

दुसरं. शेजारी दोघं गप्पा मारत असतील तर आपण झोपू शकतो, पण एक जण फोनवर बोलत असेल तर नाही झोपू शकत. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासलं. संभाषणाची एकच बाजू ऐकू आली की पुढचं वाक्य काय असेल याचा अंदाज बांधता येत नाही, आणि मेंदू ती गाळलेली जागा भरत बसतो. "मग? ... नाही ना! ... आणि त्याने घेतले पैसे?" आता सांगा, कुणाला झोप येईल?

एसटीडी बूथ आठवतात का? पिवळी पाटी, काचेची केबिन, आत घुरघुरणारा पंखा, समोर लाल आकडे पळणारं मीटर. आत माणूस घामाघूम व्हायचा, पण दार लावून घ्यायचा. बाहेर रांग असायची आणि रांगेतले लोक मुद्दाम दुसरीकडे बघायचे. तेव्हा आपण सभ्य होतो असं नाही हो. केबिन होती आणि मीटर पळत होतं. मोबाईलचे सुरुवातीचे दिवसही तसेच, येणाऱ्या कॉललासुद्धा पैसे पडायचे. मिनिटाला पैसे जात असताना कोण कशाला पाल्हाळ लावेल?

---

माहितगार :

वाक्याला नियमाचा आधार हवा असेल तर हे घ्या. रेल्वेने जानेवारी २०२२ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांत रात्री १० नंतर मोठ्याने बोलणं आणि गाणी लावणं बंद केलं. बेस्टने एप्रिल २०२३ मध्ये बसमध्ये इअरफोनशिवाय ऑडिओ-व्हिडिओ लावायला मनाई केली, न ऐकल्यास पोलीस कायद्याखाली कारवाईचा इशारा दिला. कर्नाटकात २०२१ च्या शेवटी उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एसटीत हेच झालं, तिथे तर न ऐकणाऱ्याला खाली उतरवायची मुभा आहे.

कारवाई झालेली मी अजून पाहिलेली नाही. पण बसमध्ये "बेस्टचा नियम आहे" म्हटलं की भांडण माझ्यात आणि त्याच्यात राहत नाही, नियमात आणि त्याच्यात होतं. कंडक्टरही मग मान डोलावतो. माझं वाक्य हेच.

---

चौथी_सीट :

कंडक्टर असेल तिथे ठीक. लोकलमध्ये कुणाकडे बघायचं? पंख्याकडे?

आणि एक शंका. सेंट्रलला सकाळच्या गाडीत भजनी मंडळं टाळ-मृदंगासकट बसतात. पत्त्यांचे अड्डे असतात. त्यांचा आवाज रीलपेक्षा दसपट. मग राग फोनचाच का?

---

बारीक_आवाज :

भजन पूर्ण असतं हो. विठ्ठल म्हटल्यावर पुढे काय येणार ते तुम्हाला माहीत असतं. मेंदू निवांत असतो. शिवाय कंटाळा आला तर टाळ मागून घेता येतात. रील मागून घेता येत नाही.

(भजनालाही वैतागणारे प्रवासी आहेत, त्यांनी तक्रारीही केल्यात, हे मान्य.)

---

निशीकासाई :

तोक्योहून. इथे आपली मंडळी बरीच आहेत, नावावरून भाग कळला असेलच.

जपानीत फोन सायलेंट करण्याला 'मॅनर मोड' म्हणतात. सेटिंगचं नावच शिष्टाचार. ट्रेनमध्ये कुणी फोनवर बोलत नाही. चुकून वाजला तर माणूस तोंडावर हात धरून कुजबुजतो, 'ट्रेनमध्ये आहे', आणि ठेवतो. इथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनच्या कॅमेऱ्याच्या खटक्याचा आवाज बंदच करता येत नाही, चोरून फोटो काढू नयेत म्हणून. म्हणजे बाकी सगळं गप्प आणि कॅमेरा तेवढा बोलका.

गेल्या वर्षी आई साताऱ्याहून आली होती. ट्रेनमध्ये बसल्या बसल्या व्हिडिओ कॉल, "अगं ताई, ही बघ गाडी! किती स्वच्छ! कुणी बोलतच नाही गं, सगळे मुके!" अख्ख्या डब्यात एकच आवाज, तो माझ्या आईचा. कुणी मान वर केली नाही. कुणी काही म्हणालं नाही. मी मात्र घामाने भिजले. तेव्हा वाटलं, तिकडचा 'ओ मावशी, हळू!' किती सोपा असतो. इथे माणूस टोकतच नाही, भिंतीवरचं पोस्टर टोकतं.

चालता चालता फोन बघण्याला इथे 'आरुकी-सुमाहो' असा शब्द आहे. यामातो नावाच्या शहराने २०२० मध्ये रस्त्यावर, स्टेशनबाहेर तसं चालण्यालाच मनाई केली. दंड मात्र ठेवला नाही.

---

खवचट_पेठ :

लक्ष्मी रोडवर हा नियम आला तर फुटपाथ मोकळा होईल. मग त्यावर स्कूटर लावता येतील.

---

कृष्णाकाठ :

जपानपर्यंत कशाला जाता. आमच्या सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो, घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद. साडेआठला परत भोंगा, मग चालू. पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, नाहीतर एकमेकांशी बोलतात. त्याच वर्षी यवतमाळच्या बांशी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंदीचा ठराव केला. मला वडगावचं जास्त पटतं, कारण तिथे बापालाही फोन ठेवावा लागतो.

आमच्याही गावात कुणीतरी टूम काढली. भोंगा आणला, आठ दिवस वाजवला. नवव्या दिवशी ज्याच्याकडे भोंग्याची चावी, तो ऊसतोडीच्या टोळीशी फोनवर बोलत बसला आणि सातचा भोंगा साडेसातला वाजला. तिथून ते गेलंच.

---

डबा_क्रमांक_दोन :

इअरफोनवरून आठवलं. पूर्वी फोनच्या डब्यात इअरफोन यायचे. आता डब्यात चार्जरसुद्धा मिळताना मारामार. २०१६ ला डेटा स्वस्त झाला, आणि त्याच सुमारास महागड्या फोनांनी जॅकचं भोकच बुजवायला सुरुवात केली. व्हिडिओ फुकटात आणि ऐकायचं यंत्र वेगळं विकत. मग लोक स्पीकरवर लावणार नाहीत तर काय करतील?

मी स्टेशनबाहेरून शंभराला एक असे चार वायरवाले जोड घेऊन ठेवलेत पर्समध्ये. मोठ्याने लावणारी कुणी दिसली की पुढे करते, "ताई, हे घ्या, राहू द्या तुमच्याकडेच." आतापर्यंत दोन गेले. तिसरीने माझ्याकडे असं बघितलं की मीच पर्समध्ये परत ठेवले. तिच्या फोनला जॅक नव्हता.

---

चौथी_सीट :

@डबा_क्रमांक_दोन, तुम्ही कोण आहात? तुमच्या डब्याला काही नाव-बिव दिलंय का?

---

कळवेकर :

दहा दिवसांनी धागा वर काढतोय, क्षमस्व.

तोच माणूस परत भेटला. तीच गाडी, तोच खोऽखोऽखो. मी आधी डोकं दुखण्याची तयारी केली होती, चौथी_सीट यांच्या सल्ल्याने चेहराही तसा केला होता. पण तोंडातून निघालं भलतंच: "इअरफोन देऊ का?" (बायकोचे होते. तिला अजून सांगितलेलं नाही.)

तो म्हणाला, "लावले तर स्टेशन कळत नाही." उजवा कान गेलाय, कारखान्यात. डाव्या कानात काही घातलं की अनाउन्समेंट ऐकू येत नाही, आणि गर्दीत बाहेरची पाटीही दिसत नाही. दोनदा दादर चुकून परळला उतरलाय, एकदा साहेबाने त्यावरून पगार कापला. हे सगळं त्याने मला ओरडूनच सांगितलं, त्यामुळे डब्यात आता सगळ्यांना माहीत आहे.

मी म्हटलं, दादर आलं की मी सांगतो, तुम्ही लावा. त्याने माझ्याकडे जरा संशयाने बघितलं. मग डाव्या कानात लावला. घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला. मी एकही डुलकी न काढता त्याचं स्टेशन सांभाळत बसलो. शीवला त्याने एकदा डोळ्यांनीच विचारलं, मी मान हलवली, अजून नाही. माटुंगा सुटल्यावर गुडघ्यावर थाप मारली. तो उठला, इअरफोन काढून माझ्या हातात दिले आणि गर्दीत घुसला. आभार वगैरे नाही. वायर कोमट होती.

त्यानंतर दोनदा भेटला. आता मला जागा धरून ठेवतो. म्हणजे कळवा ते दादर माझी झोप कायमची गेली.

@विंगेतून, गोळी आता डॉक्टरांना विचारून जेवण झाल्या झाल्या घेतो, त्यामुळे दहाच्या गजराची गरज राहिली नाही. पण तो कोंबडा अजून फोनमध्येच आहे, आता सकाळी सहाला आरवतो. भाचा दिवाळीत येईल तेव्हा काढून घेणार आहे. तोवर नाटकाला जाताना फोन बायकोकडे. ती तो घरीच ठेवून येते.